गोठ्यातून थेट दूध घेणारा सहकारी गट: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

असे गट दूध वाईट निघाल्यामुळे क्वचितच मोडतात. ते मोडतात उरलेल्या दुधावरून. एखाद्या दिवशी सात घरे दूध न्यायला येतच नाहीत, कॅनमध्ये बारा लिटर तसेच राहते. ते कोणी न्यायचे आणि पैसे कोणी भरायचे, हे कुठेच लिहिलेले नसते. असे तीन-चार वेळा झाले की दूध आणणारा माणूस वैतागून हात टेकतो आणि त्याच्याबरोबर गटही बसतो.

खोट असते ती क्रमात. बहुतेक जण आधी गोठा शोधतात, मग लोक जमवतात, लगेच दूध सुरू करतात. थंड ठेवण्याची सोय, हिशेब आणि कायदा ‘पुढे बघू’ म्हणून मागे पडतात. खालच्या क्रमात गोठा तिसरा आहे आणि दूध प्रत्यक्ष येते सातव्या पायरीवर. तोवर सहज दोन महिने जातील. तेवढा दम नसेल तर शेजारच्या दोन घरांनी मिळून रतीब लावावा, त्यासाठी गटाचा खटाटोप लागत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कच्चे दूध म्हणजे पाश्चराइज न केलेले, म्हणजे जंतू मारण्यासाठी ठरावीक तापमानाला न तापवलेले दूध, आणि ते प्रत्येक घरी उकळूनच वापरले जाईल असे हा लेख धरून चालतो. स्वच्छ गोठ्यातल्या, धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या दुधातही साल्मोनेला, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर किंवा ई. कोलायचे घातक प्रकार असू शकतात. ते नजरेला, नाकाला, जिभेला कळत नाहीत. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे दूध तापले की हे जंतू मरतात. ढवळत आणलेली खळखळती उकळी त्याच्या बरीच पुढे जाते. ‘न उकळता पिण्यातच खरा गुण’ असे म्हणणारे लोक गटात येतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, पण गटाच्या प्रत्येक बाटलीवर ‘उकळून वापरा’ ही चिठ्ठी असलीच पाहिजे. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि आजारामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसे यांच्यासाठी हा प्रश्न मतभेदाचा नाहीच.

पायरी १: होकार मोजू नका, लिटर मोजा

सभेत हात वर करणे फुकट असते. म्हणून प्रत्येक घराकडून तीन उत्तरे लिहून घ्या: आठवड्यातून किती दिवस दूध हवे, दर खेपेला किती लिटर, आणि तुम्ही बाहेरगावी असाल तेव्हा तुमचे दूध कोण उचलेल. तिसरी ओळ रिकामी सोडणारे घर अजून सभासद झालेले नाही असे समजा.

त्यानंतर अनामत घ्या, निदान दोन आठवड्यांच्या दुधाइतकी. इथे बरेच जण गळतात. गळू द्या, ते पुढे गळणारच होते.

समजा ३० घरांनी हात वर केले, अनामत १८ घरांनी भरली आणि त्यांची बेरीज दर खेपेला ३१ लिटर झाली. गोठ्याशी बोलताना २८ लिटरचाच आकडा काढा. नवख्या गटाला हे उलटे वाटते, पण कमी पडलेले दूध वाटून घेता येते, उरलेले मात्र कोणाच्या तरी गळ्यात पडते.

खेपा किती? सुरुवातीला आठवड्यातून दोन. रोज दूध आणायचे तर रोज पहाटे उठणारा माणूस लागतो, आणि तो उत्साह पहिल्या महिन्यानंतर टिकत नाही.

तपासा: फेरीवर, म्हणजे गोठ्यावरून दूध आणायला, जायला तयार असलेली किमान चार माणसे नावानिशी लिहिली आहेत का? दोघांच्याच जिवावर बेत आखला असेल तर इथेच थांबा.

पायरी २: गट दूध विकतो आहे की फक्त आणतो आहे?

कायद्याच्या दृष्टीने हाच प्रश्न मुळाशी आहे, आणि तो जवळजवळ कोणी विचारत नाही. दोन मांडण्या होऊ शकतात. पहिलीत प्रत्येक घराचा सौदा थेट गोठ्याशी असतो आणि गट फक्त मागण्या एकत्र करून दूध वाहून आणतो. दुसरीत गट स्वतःच्या नावाने दूध विकत घेतो आणि सभासदांना देतो. परवाना, कर आणि आजारपण उद्भवले तर जबाबदारी या तिन्ही गोष्टी यावरून बदलतात.

देशादेशांत नियम इतके वेगळे आहेत की एका ठिकाणची ऐकीव माहिती दुसरीकडे चालत नाही. स्कॉटलंडमध्ये पिण्यासाठी कच्चे गाईचे दूध विकण्यावर १९८३ पासून बंदी आहे. शेजारच्या इंग्लंडमध्ये शेतकरी ते थेट ग्राहकाला विकू शकतो, दुकानात मात्र ठेवता येत नाही. म्हणजे तिथे गटाने विकत घेऊन पुढे देणे हीच अडचणीची मांडणी. अमेरिकेत थेट पिण्यासाठीच्या कच्च्या दुधाच्या आंतरराज्य विक्रीवर १९८७ पासून बंदी आहे, आणि राज्याच्या आत काय चालते ते ज्याचे त्याचे राज्य ठरवते. जर्मनीत गोठ्यावर विकता येते, पण ‘उकळून प्या’ अशी सूचना लावावी लागते.

म्हणून आपल्या भागातल्या अन्न सुरक्षा कार्यालयाला आणि सहकारी संस्थांच्या निबंधकाला चार प्रश्न लेखी विचारा: असे दूध गटाने घेऊन सभासदांना देता येते का, परवाना कोणाच्या नावाने लागतो, बाटलीवर काय लिहावे लागते, आणि नोंदणीआधी चाचणी म्हणून काही आठवडे चालवता येते का. उत्तरही लेखीच घ्या. ‘साहेब हो म्हणाले’ हा पुरावा नसतो.

इशारा: उत्तर नकारार्थी आले तर पळवाट शोधू नका. त्याच गोठ्यांचे दूध जवळच्या लहान प्रक्रिया केंद्रातून पाश्चराइज करून घेता येते का ते पाहा. बाकीच्या पायऱ्या जवळपास तशाच लागू पडतात.

पायरी ३: गोठा पाहायला धारेच्या वेळी जा

दुपारी अकराला गेलात तर धुतलेला, शांत गोठा दिसेल. पहाटेच्या धारेला जा, आणि दुसऱ्यांदा न कळवता जा. अर्थात अशा भेटीची परवानगी पहिल्याच बोलण्यात घेऊन ठेवा, नाहीतर तो आगाऊपणा ठरतो.

तिथे पुढच्या गोष्टी बघा. धार काढण्याआधी कास धुऊन कोरडी पुसतात का? नुसती ओली केलेली कास न धुतलेल्यापेक्षा वाईट, कारण मळकट पाणी ओघळून थेट भांड्यात येते. प्रत्येक जनावराला वेगळे फडके आहे का? प्रत्येक सडाच्या पहिल्या काही धारा वेगळ्या भांड्यात काढून पाहतात का? गुठळ्या, पाणचटपणा किंवा रक्ताची छटा दिसली तर तो कासदाह, आणि ते दूध एकत्र करायचे नसते. धार काढणाऱ्याचे हात, नखे, पाण्याचा स्रोत, शेण कुठे पडते, कॅन कुठे पालथे घातलेत, हे सगळे डोळ्यांनी टिपा.

मग बसून विचारायचे प्रश्न. ब्रुसेलोसिस (जनावरांतून माणसाला होणारा जिवाणूजन्य रोग) आणि क्षयरोगासाठी जनावरांची तपासणी शेवटची केव्हा झाली, कागद दाखवाल का? औषधोपचार चालू असलेल्या जनावराचे दूध कुठे जाते? प्रतिजैविक दिल्यावर ठरावीक दिवस दूध वगळायचे असते. ते दिवस औषधागणिक बदलतात आणि वेष्टनावर लिहिलेले असतात. उपचारांची वही नसलेला गोठा हे दिवस आठवणीवर मोजतो. व्यायल्यानंतरचे पहिले दिवस, म्हणजे चिकाचे दूध, वेगळे काढतात का? चारा-पेंड कोरड्या जागी आहे की बुरशी धरलेली? औषधोपचार आणि चारा हे दोन मुद्दे सोडले जातात, पण प्रतिजैविकांचे अनेक अंश आणि बुरशीच्या चाऱ्यातून दुधात उतरणारे अफ्लाटॉक्सिन हे विष उकळून जात नाही. उकळी जंतूंवर उपाय आहे, सगळ्यावर नाही.

एकाच गोठ्यावर गट उभा करू नका. दोन घ्या, शक्यतो वेगवेगळ्या वेळी विणारी जनावरे असलेले. जनावर विण्याआधी साधारण दोन महिने भाकड ठेवतात. लहान गोठ्यात दोन-तीन जनावरे एकदम आटली की तुमचे २८ लिटर १५ वर येतात. हा गोठेवाल्याचा दोष नव्हे. आधी विचारले नाही हा आपला दोष.

तपासा: दोन्ही गोठ्यांच्या दुधाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन एकूण जिवाणूसंख्या आणि कोलिफॉर्म (शेण-घाण दुधात गेल्याची खूण देणारे जिवाणू) तपासून घ्या. एका निकालावर विसंबू नका, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने निदान तीन घ्या. इंग्लंडमध्ये कच्चे पिण्यासाठी विकायच्या दुधाला दर मिलिलिटरमागे २०,००० पर्यंत जिवाणूसंख्या आणि १०० पेक्षा कमी कोलिफॉर्म अशी मर्यादा आहे. तुलनेसाठी हा आकडा हाताशी असू द्या. आकडा चांगला आला म्हणजे दूध न उकळता चालेल असा अर्थ मात्र काढू नका. रोगजंतू रोज दुधात उतरतातच असे नाही.

पायरी ४: एका पानाचा करार

वकिली भाषेचे दहा पान कोणी वाचत नाही. एक पान पुरते, पण त्यावर हे हवेच: दर कशावर (किलो की लिटर, सरसकट की फॅट आणि एसएनएफप्रमाणे, म्हणजे दुधातले स्निग्धांश आणि ते सोडून उरणारे घन घटक पाहून), किती दिवसांनी पैसे, दूध कमी-जास्त झाल्यास किती दिवस आधी कळवायचे, आणि दूध नाकारण्याचा नियम.

नाकारण्याचा नियम सगळ्यात नाजूक. तो असा ठेवा: तपासणी गोठ्यावरच, गोठेवाल्यासमोर, गटाच्या कॅनमध्ये ओतण्याआधी. एकदा आपल्या कॅनमध्ये पडले की दूध आपले. घरी आणल्यावर फाटले तर वाहतुकीत काय बिघडले ते आपण शोधायचे. हा नियम गोठेवाल्याला न्याय देतो, आणि आपल्या माणसाला झाकण उघडून नीट पाहायला भाग पाडतो.

पायरी ५: दुधाआधी थंडीची सोय

सगळ्यात जास्त गट इथे चुकतात, म्हणून इथे रेंगाळतो.

धार काढलेले दूध जनावराच्या अंगाइतके, साधारण ३८ अंशांचे असते. या उबेत काही जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. उद्दिष्ट एकच: धारेनंतर दोन तासांच्या आत दूध ४ अंशांपर्यंत उतरले पाहिजे आणि घरी पोचेपर्यंत तिथेच राहिले पाहिजे.

नेहमीची चूक म्हणजे वीस लिटरचा कोमट कॅन तसाच फ्रिजमध्ये ठेवणे. घरगुती फ्रिज थंड वस्तू थंड ठेवतो. एवढे दूध थंड करण्याचे बळ त्याच्यात नसते, कॅनचा मध्य कित्येक तास कोमटच राहतो. गोठ्यावर बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करणारी यंत्राची टाकी, नसेल तर मोठ्या टाकीत बर्फ आणि पाणी एकत्र करून त्यात कॅन उभे करा, पाण्याची पातळी कॅनमधल्या दुधाच्या पातळीपर्यंत हवी. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांमध्ये कॅनला हवेच्या फटी राहतात, बर्फाचे पाणी सगळीकडून चिकटते आणि उष्णता झटकन ओढते. स्वच्छ लांब दांड्याने दूध अधूनमधून ढवळा. दुधात बर्फ कधीही टाकायचा नाही.

दुसरी चूक: थंड झालेल्या दुधात नव्या धारेचे कोमट दूध ओतणे. दोन्ही मिळून अधल्यामधल्या तापमानावर येते आणि आधीची मेहनत वाया जाते. आधी वेगळे थंड करा, मग एकत्र.

भांडी स्टेनलेस स्टीलची घ्या. प्लॅस्टिकला ओरखडे पडतात आणि घाण त्यात बसते. अॅल्युमिनियम धुण्याच्या सोड्याने खराब होते. धुण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी गार किंवा कोमट पाण्याने विसळणे, मग गरम पाणी आणि साबणाने घासणे, पुन्हा विसळणे, मग निर्जंतुक करणे, आणि शेवटी फडक्याने न पुसता पालथे घालून वाळवणे. पहिल्याच फेरीत कडकडीत पाणी ओतले तर दुधातली प्रथिने भांड्याला चिकटून बसतात. आतून पांढरट, खरखरीत थर जाणवू लागला तर त्यासाठी दुग्धभांड्यांसाठीचे आम्लयुक्त द्रावण लागते, नुसत्या घासण्याने तो जात नाही.

तपासा: थर्मामीटर चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात धरा, शून्य दाखवायला हवे. मग पाण्याने भरलेले कॅन घेऊन दूध आणायचा पूर्ण रस्ता एकदा फिरून या. गोठ्यावर ४ अंश असलेले पाणी वाटपाच्या जागी ९ निघाले तर चूक पाण्यावरच कळली, दूध वाचले.

पायरी ६: माप, ढवळणे आणि वही

दूध किलोने घेऊन लिटरने वाटणारे गट महिन्याच्या शेवटी ‘दूध जाते कुठे?’ म्हणून एकमेकांकडे बघत बसतात. गाईचे एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. म्हणजे ६० किलोचे लिटर होतात सुमारे ५८.२५. जवळजवळ पावणेदोन लिटर दर खेपेला ‘गायब’, आणि चोरी कोणीच केलेली नाही. घेणे आणि देणे एकाच मापात ठेवा.

वाटपाआधी कॅन तळापासून ढवळा. साय वर येते, त्यामुळे न ढवळता ओतले तर पहिल्या घरांना दाट दूध मिळते आणि शेवटच्यांची तक्रार येते की पाणी घातले आहे. पाणी घातल्याच्या तक्रारी आल्या की आधी हेच तपासा.

दर ठरवताना गोठ्याच्या दरात वाहतूक, बर्फ, धुलाई, प्रयोगशाळा आणि सांडलवंड मिळवा, आणि थोडी राखीव रक्कमही. सांडलवंड शून्य धरणारा हिशेब पहिल्याच आठवड्यात तोट्यात जातो.

आता ते उरलेले दूध. नियम साधा ठेवा: नोंदवलेल्या दुधाचे पैसे द्यायचेच, उचलले किंवा नाही. रद्द करायचे तर खेपेच्या आदल्या दिवशी ठरल्या वेळेपर्यंत. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात न नेलेले दूध प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या घराला. त्याने पैसे दिले तर ते गैरहजर घराच्या खात्यात जमा. नियम कठोर वाटतो, पण तो सर्वांना सारखा असल्याने कोणाला वैयक्तिक लागत नाही.

पायरी ७: सहा आठवड्यांची चाचणी

आता दूध. गोठ्यावर कॅनचे झाकण उघडताच पहिला वास घ्या, आंबूस किंवा औषधी वास झाकण उघडल्याच्या क्षणी सर्वात स्पष्ट येतो. चव घेऊ नका, ते कच्चे दूध आहे. मग तापमान नोंदवा. मग परीक्षानळीत पाचेक मिलिलिटर दूध घेऊन नळी उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे धरा. गुठळ्या झाल्या तर दूध आंबायला लागले आहे, नाकारा. शेवटी लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता दाखवणारे साधन, तो ज्या तापमानासाठी बनवला आहे त्याच तापमानाला. लॅक्टोमीटरवर फार भरवसा ठेवू नये: पाण्याने आकडा उतरतो, साय काढल्याने चढतो, आणि दोन्ही केले की तो शहाण्यासारखा मधोमध उभा राहतो. शंका आली तर फॅट तपासून घ्या.

दर खेपेचा, दर गोठ्याचा एक छोटा नमुना तारीख घालून फ्रिजमध्ये पुढची खेप येईपर्यंत ठेवा. कोणाच्या घरी जुलाब, ताप, उलट्या झाल्याचे कळले तर त्या खेपेचे वाटप त्याच क्षणी थांबवा, सर्व सभासदांना कळवा, नमुना फेकू नका, आणि आरोग्य विभागाला सांगा. ‘आधी खात्री करू’ म्हणून दोन दिवस थांबणे ही इथली सगळ्यात महाग चूक.

सहा आठवड्यांत नवे सभासद घेऊ नका, मागणी कितीही येवो. दर आठवड्याला फक्त चार आकडे काढा: किती घेतले, किती वाटले, किती उरले, वाटपाच्या जागी तापमान किती. उरलेले दूध घेतलेल्या दुधाच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त राहत असेल तर मागणी कमी करा, लोकांना समजावत बसू नका.

पायरी ८: नोंदणी

चाचणी निभावलेल्या गटालाच नोंदणीचा खर्च परवडतो. जिथे नोंदणीशिवाय चाचणीही चालत नाही, तिथे अर्थात हे दुसऱ्या पायरीनंतर लगेच करावे लागेल.

उपविधींचा, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांचा, मसुदा बहुतेक निबंधक कार्यालयांत तयार मिळतो. त्यात तीन गोष्टी स्वतः वाचून घ्या. एक सभासद एक मत, मग तो दोन लिटर घेवो की दहा. शिल्लक उरली तर ती भागभांडवलाच्या नव्हे तर वर्षभरात घेतलेल्या लिटरच्या प्रमाणात परत. आणि गोठेवाले सभासद होऊ शकतात का, होत असतील तर दर ठरवताना त्यांनी मत द्यायचे का. शेवटचा प्रश्न पहिल्याच सभेत सोडवा. खरेदी करणारा आणि विकणारा एकाच टेबलावर बसले की दराची चर्चा पुढे ढकलली जात राहते.

बँक खाते दोघांच्या सह्यांचे असू द्या. पैसे सांभाळणारा आणि दूध मोजणारा एकच माणूस नको, तो कितीही सचोटीचा असला तरी. वहीची तपासणी दर तीन महिन्यांनी अशा सभासदाने करावी जो त्या काळात फेरीवर गेलेला नाही.